टेबलाखालच्या बातम्या

कुताइसीच्या स्टुडिओत मी चेहरे रंगवायचे.
चेहरेच फक्त. गळ्याशी माझं खातं संपायचं,
आणि टेबलाखाली तर कुणाचंच नव्हतं:
वर नुगझारचा कोट, टाय, रुपेरी टायपिन,
खाली त्याच्या सासऱ्याची लोकरी विजार,
गुडघ्यांशी फुगलेली,
आणि पायांत मेंढपाळाचे नमद्याचे बूट.
त्र्याण्णवच्या त्या हिवाळ्यात
आमच्या तोंडातून वाफ निघायची.
ती पडद्यावर दिसू नये म्हणून
नुगझार दर वाक्याआधी श्वास कोंडायचा.
लोक म्हणायचे, काय गांभीर्य आहे या माणसात!

लाली संपली तेव्हा मी बीट किसलं.
सांगताना अजून कान तापतात माझे.
आरशात सगळं ठीक होतं,
पण दिव्यांखाली हवामानवाली त्सियाला जांभळी पडली,
इतकी जांभळी, की दोन डॉक्टरांनी
आपापल्या घरून फोन केले:
पोरीला आधी आडवं करा.

आणि हवामान म्हणजे तरी काय?
नकाशे यायचे केव्हाच थांबले होते.
तिची एक मावशी डोंगरात, ओनीला,
एक समुद्राकाठी, पोतीला.
पावणेआठला ती दोघींना विचारायची,
"मावशी, कपडे वाळले का?"
आणि आठला सबंध प्रदेशाचा अंदाज सांगायची.
मावश्या सहसा चुकत नसत.
एकदा मात्र त्यांचं आपसात वाजलं,
कुणाच्या तरी लग्नातल्या ताटांवरून,
फोन उचलेनात दोघीही.
पश्चिम जॉर्जियाला तीन दिवस
हवामानच नव्हतं.

गुलिकोबाईंची खाचापुरी सांगू की नको?
सांगते.
थेट प्रक्षेपण, बाईंनी झाकण उचललं,
तव्यावर चीजची एक तार, बाकी काही नाही.
बाईंनी कॅमेऱ्याकडे पाहिलं.
कॅमेऱ्यामागे ओतियाच्या मिशीला उरलेली तार.
"बघा," बाई प्रेक्षकांना म्हणाल्या,
"नीट जमली, की इतकी हलकी होते."

त्या रात्री बातम्यांना दोनच मिनिटं झाली होती
आणि वीज गेली.
आमची गेली, गावाची गेली,
रिओनीच्या पलीकडचीही गेली.
जनरेटरचं डिझेल कुणीतरी
आपल्या मोटारीत घातलं होतं
(ओतियाच; त्याच्या मिशीवर पुरावे कमी पडत नसत).
नुगझारला थांब म्हणायचं राहूनच गेलं,
तो काळोखात वाचत राहिला. पाठ होतं त्याला सगळं.
आम्हीही गप्प बसलो. बरं वाटत होतं ऐकायला.

मग फोन वाजला.
फोनला बापड्याला वीज लागत नव्हती.
एक म्हातारी: "पावाचं काय म्हणत होतास रे?
तेवढ्यात गेलास तू."
नुगझारनं रिसीव्हर घेतला.
मी अगदी शेजारी होते, मला ऐकू आलं:
त्यानं आधी टाय सारखा केला.
मग पहिल्यापासून, "नमस्कार, प्रेक्षकहो."

तिच्या घरी माणसं जमली असावीत,
कारण ती एकेक वाक्य मागे वळून ओरडून सांगायची,
आपल्या भाषेत.
"नागरिकांनी संयम बाळगावा, असं आवाहन..."
"काही मिळणार नाही!"
"पुरवठ्याचा प्रश्न विचाराधीन..."
"उद्यासुद्धा नाही!"
"शिष्टमंडळ परदेश दौऱ्यावर..."
"जेवायला गेलेत!"
नुगझार इतका हसला, की त्याचा कोंडलेला श्वास सुटला
आणि पुढचं वाक्य त्यानं तिच्याच शब्दांत वाचलं.
असं त्यानं कधी कॅमेऱ्यासमोर केलं नाही,
पुढे वीस वर्षं होता तो, कधीच नाही.

"आणि हवामान?" म्हातारीनं विचारलं.
त्सियाला चाचपडत आली, घसा साफ केला.
"आजी, तुमच्याकडे कपडे वाळले का?"
"चार दिवस नाहीत गं."
"मग उद्या ढगाळ राहील."
"बरं," म्हातारी म्हणाली, आणि फोन ठेवला.

त्या रात्री त्सियालाचा चेहरा
मला अगदी मनासारखा जमला होता.